विश्लेषण : नळ बसला, पण पाणी कोण तपासणार? पाणी व पर्यावरण अभियांत्रिकीच्या ‘एमटेक’मध्ये नेमके काय शिकवतात?

राज्यात गावोगावी नळजोडण्या झाल्या, महापालिका नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारत आहेत आणि दर पावसाळ्यात पूररेषेचा वाद नव्याने पेटतो. ही कामे ज्यांनी करायची त्या अभियंत्यांना घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम मात्र सिव्हिलच्या विद्यार्थ्यांच्या पसंतीत ‘स्ट्रक्चर’ आणि ‘कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट’नंतरच येतो. या अभ्यासक्रमात काय असते, प्रवेश कसा मिळतो आणि शिकून पुढे काय, याचा हा आढावा.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत हातापायांतील ताकद अचानक गेलेले रुग्ण रुग्णालयांत दाखल होऊ लागले. तोवर केवळ वैद्यकीय पुस्तकांत असलेले ‘गुलेन बॅरी सिंड्रोम’ हे नाव आठवडाभरात घरोघरी पोहोचले. पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या २०० च्या पुढे गेली. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली.

यातील बरीचशी गावे अलीकडेच महापालिकेच्या हद्दीत आली होती. तेथे विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता फक्त क्लोरिन टाकून पुरवले जात होते. दिसायला ते स्वच्छ होते. डॉक्टरांचे काम रुग्ण आल्यावर सुरू होते, पण त्याआधीचे सगळे प्रश्न अभियंत्याचे आहेत. विहिरीत काय मिसळते? क्लोरिन किती टाकायचा, कुठे टाकायचा? शेवटच्या घरापर्यंत तो उरतो का? पाणी दिवसातून दोनच तास सोडले तर उरलेल्या २२ तासांत जलवाहिनीत काय शिरते? पर्यावरण व जल अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम साधारण याच प्रश्नांभोवती फिरतो.

हे अभियंते नेमके कोण?

‘पर्यावरणात एमटेक करतोय’ असे सांगितले की घरचे हमखास विचारतात, म्हणजे झाडे लावणार का? गोंधळ नावातून होतो. या शाखेचे जुने नाव ‘सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी’. नागपूरची ‘नीरी’ १९५८ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात हेच शब्द होते, ‘पर्यावरण’ हा शब्द १९७४ मध्ये आला. जुने नाव अधिक अचूक होते. लोकांना पाण्यातून, मैल्यातून आणि हवेतून होणारे आजार वाटेतच अडवणे, हेच या शाखेचे मूळ काम.

त्या काळाची पार्श्वभूमीही बोलकी आहे. १९५५च्या अखेरीस दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेचा प्रवाह बदलल्याने नजफगड नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या उद्भवापर्यंत मागे सरकले आणि शुद्धीकरण केंद्रातून गेलेले पाणी पिऊनही सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. क्लोरिन टाकला जात होता, तरीही विषाणू निसटला. ही साथ आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत उदाहरण म्हणून येते.

पदव्युत्तर पातळीवर या क्षेत्राचे दोन मोठे प्रवाह आहेत. पर्यावरण अभियांत्रिकीचा भर पाण्याच्या गुणवत्तेवर असतो. जलशुद्धीकरण, सांडपाणी प्रक्रिया, घनकचरा, हवा प्रदूषण, दूषित जमीन हे तिचे विषय. जलसंपदा अभियांत्रिकीचा संबंध पाण्याच्या प्रमाणाशी आणि वाटेशी येतो, म्हणजे पाऊस, पूर, धरण, कालवा, भूजल. आयआयटी मद्रासमध्ये दोन्ही एकाच छताखाली शिकवले जातात, अनेक संस्थांत दोन वेगळ्या पदव्या आहेत. प्रत्यक्ष कामात ही भिंत टिकत नाही. नदीत पाणीच उरले नाही, तर तिच्यात सोडलेले प्रक्रिया केलेले सांडपाणीसुद्धा घाणच ठरते.

वर्गात काय शिकवतात?

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. पहिले वर्ष विषय आणि प्रयोगशाळेचे, दुसरे जवळपास संपूर्ण प्रबंधाचे. विषयांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. त्या यादीमागे काय असते, हे एका साध्या उदाहरणावरून पाहता येईल.

ग्रामपंचायतीतील जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि नळाच्या पाण्याची ‘ओटी टेस्ट’ करतो. पाण्यात रसायनाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, की क्लोरिन उरला आहे असे समजायचे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, सांगते की ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरिन हवा, विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. जलसुरक्षकाला एवढे पुरते. ‘एमटेक’च्या विद्यार्थ्याला मात्र त्यापुढचे विचारले जाते. टाकीत २ मिलिग्रॅम टाकले, तर शेवटच्या नळाला किती उरेल?

क्लोरिन वाटेत दोन ठिकाणी खर्च होतो, पाण्यातील सेंद्रिय पदार्थांवर आणि जलवाहिनीच्या आतल्या गंजावर व थरावर. पाणी गढूळ असेल तर जिवाणू मातीच्या कणाआड लपतात आणि क्लोरिन त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आधी तुरटी, मग निवळण, मग वाळूचा गाळणथर आणि शेवटी क्लोरिन, असा क्रम असतो. आधीच्या पायऱ्या गाळून फक्त शेवटची केली, तर तिच्यावर किती भार पडतो, हे गणिताने दाखवता येते. क्लोरिन टाकल्यावर पाणी किमान अर्धा तास थांबायला हवे. टाकीत पाणी येण्याची आणि जाण्याची तोंडे शेजारीशेजारी असली तर ते थांबतच नाही, आल्या वाटेने निघून जाते. असे टाक्यांचे आराखडे कागदावर अगदी बरोबर दिसतात.

मग येते जलवाहिन्यांचे जाळे. हजारो जोडांच्या जाळ्यात कोणत्या नळाला किती दाबाने पाणी मिळेल, याचे हाताने करायचे गणित हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये मांडले. आज तेच काम ‘ईपानेट’ ही संगणकप्रणाली काही सेकंदांत करते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ती १९९३ मध्ये खुली केली आणि ती आजही मोफत आहे. विद्यार्थी तिच्यात गावाचे जाळे मांडतात आणि पाणी बंद करून पाहतात. पाणी बंद झाले की जलवाहिनीतला दाब शून्यावर येतो. गळती जिथे आहे तिथून आधी पाणी बाहेर जात होते, आता बाहेरचे पाणी आत येते. शेजारून गटार जात असेल तर तेच आत येते. २४ तास पाणी ही चैन आहे, हा समज इथे मोडतो. सतत दाब राहणे हीच मुळात आरोग्याची तरतूद आहे. कराडजवळच्या मलकापूरने जीवन प्राधिकरणाच्या मदतीने, मीटर बसवून आणि जास्त वापराला चढा दर लावून ही योजना चालवून दाखवली, म्हणून तिचे नाव अभ्यासकांच्या तोंडी असते.

सांडपाण्याच्या विषयात विद्यार्थ्याची पहिली ओळख होते ती ‘बीओडी’शी. पाण्यातील घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, त्याचे हे माप. ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२ मध्ये सांडपाण्यासाठी लिटरला २० मिलिग्रॅम बीओडी ही मर्यादा सुचवली. चाचणी पाच दिवसांची, कारण ब्रिटनमधील नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या वेळात समुद्राला मिळते, असे सांगितले जाते. भारतातील पाणी उबदार, जिवाणू अधिक चपळ. म्हणून आपल्याकडे हीच चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांत करतात. प्रयोगशाळेत विद्यार्थी बाटल्या भरून ठेवतो आणि तीन दिवस थांबतो. पहिल्या वेळी आकडा हमखास चुकतो.

ही मर्यादा किती असावी, यावर भारतात अजूनही वाद सुरू आहे. १९८६च्या कायद्याखालील सर्वसाधारण मानक ३० मिलिग्रॅमचे होते. २०१७च्या अधिसूचनेने महानगरांसाठी २० आणि इतरांसाठी ३० ठरवले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये १० वर आणण्याचा आदेश दिला. कागदावर आकडा बदलायला एक ओळ पुरते. जमिनीवर ३० वरून १० वर यायचे तर अधिक हवा, अधिक वीज, अधिक जागा किंवा वेगळे तंत्र लागते. किती खर्चात किती नदी वाचते, हे सांगणारा माणूस त्या बैठकीत नसेल, तर मानक कडक होते आणि नदी आहे तशीच राहते.

पाण्याची दुसरी बाजू : पाऊस, पूर आणि वाटप

जलसंपदेच्या वर्गात गणिताचा सूर बदलतो. इथे संभाव्यतेशी गाठ पडते. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग ऐकून अनेकांना वाटते, यंदा आला म्हणजे आता शंभर वर्षे निवांत. प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. नदीकाठी सदनिका घेणाऱ्याला ही गोष्ट कोणी सांगत नाही.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधल्या होत्या. ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात ही क्षमता ५० मिलिमीटर करायचे ठरले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस वाहिन्यांत मावेल असे शहर कोणी बांधत नाही. मग किती पावसासाठी बांधायचे आणि त्यापुढचे पाणी कुठे थांबवायचे, हा निर्णय आकडेमोडीचा तर आहेच, राजकीयही आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेल्यावर नेमलेल्या वडनेरे समितीपुढेही असेच प्रश्न होते.

वाटपाचे गणित त्याहून अवघड. जायकवाडीत १५ ऑक्टोबरपर्यंत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे सूत्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे ठरवले. दर दुष्काळी वर्षी त्यावरून दोन विभाग समोरासमोर येतात. धरण प्रचालनाचा विषय शिकलेला विद्यार्थी हे सूत्र वाचतो तेव्हा त्याला आधी दिसते ते नदीपात्रातून सोडलेल्या पाण्यापैकी वाटेत मुरणारे आणि बाष्प होऊन जाणारे पाणी.

प्रवेश कसा मिळतो?

मुख्य दार ‘गेट’ परीक्षेचे. सिव्हिलचे विद्यार्थी ‘सीई’ हा पेपर देतात, त्यात जलसंपदा आणि पर्यावरण हे दोन्ही भाग असतात. २०२१ पासून ‘पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी’ असा स्वतंत्र ‘ईएस’ पेपर सुरू झाला. केमिकल, बायोटेक किंवा पर्यावरणाच्या पदवीधरांना त्यामुळे सोय झाली. ‘ईएस’ला परीक्षार्थी सिव्हिलच्या तुलनेत कितीतरी कमी असतात. मात्र सार्वजनिक उपक्रमांच्या भरतीत तो पेपर फारसा विचारला जात नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. ‘गेट’चे गुण तीन वर्षे चालतात.

आयआयटीच्या जागा ‘कोॲप’ या सामायिक व्यवस्थेतून, एनआयटीच्या ‘सीसीएमटी’तून भरल्या जातात. राज्यातील महाविद्यालयांचे प्रवेश सीईटी कक्ष करतो. गेट उत्तीर्ण विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. ही रक्कम कित्येक वर्षे वाढलेली नाही आणि मुंबई-पुण्यात खोलीभाडे आणि खानावळीतच ती संपते. घरून मदत होणार नसेल तर हा हिशेब प्रवेशाआधी करावा.

पर्यावरणाच्या शाखेत केमिकलचा विद्यार्थी चांगला रुळतो, कारण प्रक्रिया केंद्र हा शेवटी एक रासायनिक-जैविक कारखानाच आहे. जलसंपदेत सिव्हिल आणि कृषी अभियांत्रिकीचे वर्चस्व असते. पण इथे एक खोच आहे. राज्य शासनाच्या अनेक जाहिरातींत पात्रता मूळ पदवीवरून ठरते. सिव्हिलची पदवी नसलेल्या उमेदवाराला पर्यावरणातील ‘एमटेक’ असूनही पाणीपुरवठा विभागाच्या काही पदांना अर्ज करता येत नाही. शासकीय नोकरी हेच ध्येय असेल, तर मागच्या दोन-तीन जाहिरातींतील पात्रतेचा परिच्छेद वाचून मगच शाखा ठरवलेली बरी.

महाराष्ट्रात कुठे?

आयआयटी मुंबईत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचे केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले, आता तो स्वतंत्र विभाग आहे. जलसंपदेची शाखा तेथील सिव्हिल विभागात आहे. मुंबईत व्हीजेटीआय, पुण्यात सीओईपी आणि नागपुरात व्हीएनआयटी हे राज्यातील विद्यार्थ्यांचे नेहमीचे पर्याय. ‘नीरी’त ‘एसीएसआयआर’मार्फत पीएचडी करता येते. राज्याबाहेर रुरकीचा पर्याय जुना आणि भक्कम आहे. गंगा कालव्यासाठी अभियंते हवे म्हणून १८४७ मध्ये उभ्या राहिलेल्या या महाविद्यालयात जलसंपदेचे प्रशिक्षण केंद्र १९५५ पासून आणि जलविज्ञानाचा विभाग १९७२ पासून आहे.

आयआयटी मुंबईतीलच ‘सितारा’ या केंद्राचा वेगळा उल्लेख करायला हवा. ग्रामीण तंत्रज्ञानासाठीचे हे केंद्र ‘तंत्रज्ञान व विकास’ या विषयात ‘एमटेक’ देते. प्रा. मिलिंद सोहोनी आणि सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थ्यांनी कर्जत, मोखाडा, शहापूर या भागांतील टँकरग्रस्त गावांच्या नळपाणी योजनांवर काम केले. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा, वैतरणा ही धरणे याच पट्ट्यात आहेत आणि मार्च सरला की टँकरही याच पट्ट्यात फिरतात. धरणाच्या भिंतीपासून काही किलोमीटरवरच्या पाड्याला पाणी का मिळत नाही, याचे उत्तर उंची, वीजबिल, वाहिनीचा व्यास आणि योजना कोण चालवणार, या चार गोष्टींत विभागलेले असते. त्यापैकी शेवटची पुस्तकात नसते. याच गटाने पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावपातळीवरील पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत तयार केली. पाच हजारांहून अधिक गावे या प्रकल्पात होती.

संस्था निवडताना क्रमवारीइतकेच महत्त्व प्रयोगशाळेला द्यावे. बीओडीच्या बाटल्या खरोखर वापरात आहेत का, मागच्या बॅचचे प्रबंध कुणाच्या पाण्यावर, कोणत्या गावावर झाले, हे तेथील सीनियर विद्यार्थ्यांना फोन केला की पाच मिनिटांत कळते. ज्या महाविद्यालयात प्रबंध दुकानातून ‘करून’ मिळतो, तेथे दोन वर्षे घालवण्यापेक्षा एखाद्या कंत्राटदाराकडे जलवाहिनीच्या साइटवर काम केलेले परवडेल.

परदेशाचे काय?

नेदरलँड्समधील ‘आयएचई डेल्फ्ट’ ही पाण्याच्या शिक्षणाला वाहिलेली संस्था १९५७ पासून विकसनशील देशांतील अभियंत्यांना शिकवते. त्या देशाचे पाण्याशी नाते पुस्तकी नाही, १९५३च्या सागरी पुरात तेथे १,८३६ माणसे गेली. जर्मनीत श्टुटगार्ट विद्यापीठाचा ‘वारेम’ हा इंग्रजीतील अभ्यासक्रम भारतीय विद्यार्थ्यांत परिचित आहे. तो ज्या राज्यात आहे तेथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो शुल्क द्यावे लागते. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे ऐकून निघणाऱ्यांनी नोंद घ्यावी. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन संकुलासारख्या ठिकाणी दोन्ही प्रवाह एकत्र शिकवले जातात. तेथे स्वतंत्रपणे आराखड्यावर सही करायची तर राज्याचा परवाना लागतो आणि त्याची पहिली पायरी ‘एफई’ परीक्षा असते. कर्ज काढून जायचे तर व्हिसाचे बदलते नियम आणि परतफेड दोन्ही एकाच कागदावर मांडून पाहावीत.

शिकून नोकरी मिळते का?

मिळते, पण कॅम्पस मुलाखतीत आयटी कंपनी देते तसा पगार पहिल्या दिवशी मिळेल, या भ्रमात राहू नये. सल्लागार कंपन्यांत सुरुवात कमी वेतनावर होते आणि पहिली दोन वर्षे साइटवर किंवा निविदांच्या कागदपत्रांत जातात. पाच-सात वर्षांनंतर चित्र पालटते, कारण प्रक्रिया केंद्राचा आराखडा स्वतः करू शकणारी आणि चालवू शकणारी माणसे मुळात कमी आहेत.

कामाची गरज किती, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालातून दिसते. देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. प्रक्रिया केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. त्यातही प्रत्यक्षात प्रक्रिया होते २०,२३६ दशलक्ष लिटरवर, म्हणजे एकूण सांडपाण्याच्या साधारण २८ टक्क्यांवर. पहिल्या दोन आकड्यांतील अंतर पैशाने भरता येते. दुसऱ्या आणि तिसऱ्यातील अंतर वेगळे आहे. केंद्र उभे आहे, पण मैलापाणी तेथपर्यंत आणणाऱ्या वाहिन्या नाहीत. वाहिन्या आहेत, तर विजेचे बिल थकले आहे. बिल भरले आहे, तर हवा किती सोडायची हे ठरवणारा माणूस नाही आणि टाकीतले जिवाणू मेले आहेत.

म्हणूनच नव्या कंत्राटांत बांधकामाबरोबर दीर्घकाळ चालवण्याचीही जबाबदारी येते. गंगा स्वच्छता मोहिमेतील ‘हायब्रिड ॲन्युइटी’ पद्धतीत बांधकामाच्या वेळी ४० टक्के रक्कम दिली जाते, उरलेली १५ वर्षांत, केंद्र नीट चालते हे पाहून. अशा करारात कंपनीला ठेकेदारापेक्षा प्रक्रिया समजणारा अभियंता अधिक लागतो. मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशी सात नवी केंद्रे उभी राहत आहेत, त्यांची एकूण क्षमता रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. पुण्यात जपानच्या ‘जायका’च्या अर्थसाह्यातून ३९६ दशलक्ष लिटरची ११ केंद्रे होत आहेत. ती उभी राहिल्यावर चालवणार कोण, हा प्रश्न निविदेत असतो तितका महाविद्यालयांत चर्चेत नसतो.

खासगी क्षेत्रात पुण्याची थरमॅक्स, मुंबईची आयन एक्स्चेंज, चेन्नईची वाबाग अशा कंपन्या पाणी प्रक्रियेत आहेत. साखर कारखाने, औषध कंपन्या आणि रासायनिक वसाहतींना सांडपाणी प्रक्रियेसाठी माणसे लागतात. २००६च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन सक्तीचे आहे आणि ते करणाऱ्या सल्लागार संस्थांना मान्यता घेण्यासाठी विषयवार पात्र तज्ज्ञ दाखवावे लागतात. २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम काढले, त्यामुळे नोंदणीकृत लेखापरीक्षक हे नवे काम तयार होत आहे. यात एक अडचण आहे. ज्याचा अहवाल लिहायचा तोच पैसे देतो. नव्या अभियंत्याला पहिल्या वर्षातच ‘एवढा आकडा जरा खाली घ्या’ असे ऐकू येऊ शकते. त्या वेळी काय करायचे, याचा कोणताही विषय अभ्यासक्रमात नाही.

शासकीय बाजूला जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषदांचे ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळातील क्षेत्र अधिकारी आणि नगरपरिषदांची पाणीपुरवठा, जलनिस्सारण व स्वच्छता अभियांत्रिकी सेवा अशी पदे आहेत. भरती अनियमित असते. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा, खडकवासल्याचे १९१६ पासूनचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आणि नाशिकची ‘मेरी’ येथे संशोधनाच्या संधी निघतात. पीएचडीला कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे.

जलजीवन मोहिमेने तयार केलेले काम अजून पुरते सुरूही झालेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा देशातील ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता. आता तो आकडा १५ कोटींच्या पुढे आहे आणि मुदत २०२८ पर्यंत वाढवली आहे. दरडोई रोज ५५ लिटर हे उद्दिष्ट. दोन हजार वस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर. नळ बसला की योजना संपली, असे अहवालात लिहिले जाते. गावाच्या बाजूने पाहिले तर योजना त्या दिवशी सुरू होते. पंपाचे बिल, व्हॉल्व्हमनचा पगार, आटणारी विहीर आणि दर महिन्याचा पाणी नमुना त्यानंतर सुरू होतो. या देखभालीसाठी तालुक्याला एक प्रशिक्षित पाणी अभियंता द्यायचा म्हटले, तर महाराष्ट्रात साडेतीनशेच्या आसपास माणसे लागतील.

कोणासाठी नाही?

एसीत बसून प्रतिमान चालवायचे, एवढीच इच्छा असेल तर निराशा होईल. ‘ईपानेट’, ‘हेक-रास’, ‘मॉडफ्लो’, ‘क्यूजीआयएस’ या प्रणाली मोफत आहेत आणि महिन्याभरात हाताळता येतात. पण जलवाहिनी जमिनीखाली नेमकी कुठे आहे, हे अनेक शहरांत कोणत्याही नकाशात नसते. ते माहीत असते निवृत्तीला आलेल्या एखाद्या व्हॉल्व्हमनला. त्याच्यासोबत सकाळी साडेपाचला फिरायची तयारी नसेल, तर प्रतिमानातले जाळे काल्पनिक राहते. सांडपाणी केंद्रावर वास येतो, तो दोन आठवड्यांत जाणवेनासा होतो, असे तेथे काम करणारे सांगतात.

नागपूरच्या भांडेवाडी केंद्रात प्रक्रिया केलेले १३० दशलक्ष लिटर सांडपाणी रोज कोराडीच्या वीज केंद्राला जाते. महापालिका आणि ‘महानिर्मिती’ यांच्यातील या करारामुळे वीज केंद्राला लागणारे तेवढे पेंचचे पाणी शहरासाठी मोकळे झाले. भांडेवाडीत पाण्याची गुणवत्ता एका दिवसासाठी घसरली, तरी पुढे कोराडीत त्याचा जाच होतो. त्यामुळे तेथे बीओडीच्या बाटल्या रोज भरल्या जातात, तीन दिवसांनी उघडल्या जातात आणि आकडा वहीत लिहिला जातो.